चरा

वागाडुगूच्या नभोवाणीत तबकड्या सांभाळायचं काम
मी एकतीस वर्षं केलं.
धूळ पुसायची, फाटलेली वेष्टनं चिकटवायची,
हरमाटानचा वारा सुटला की
कपाटांच्या फटींत ओली फडकी कोंबायची.
मंत्री बदलत गेले, किल्ली माझ्याकडेच राहिली.

पहिल्या वेळी ते पहाटे चारला आले.
लेफ्टनंटच्या बुटांना लाल माती,
वय माझ्या धाकट्या भावाएवढं.
म्हणाला, काहीतरी लाव. बँडचं. शब्द नकोत.
मी फ्रेंच पलटणीची एक जुनी धून काढली
आणि सुई टेकवताना हात असा कापला
की ती घसरत गेली, आडवी.
तेव्हापासून तिसऱ्या मिनिटाला, तुताऱ्या चढू लागल्या की
खट्ट.
पुन्हा खट्ट.
मग ढोल.

अध्यक्ष गेले. कुठे, ते कुणी विचारलं नाही.
ज्वारी आठ दिवस महाग झाली,
नवव्या दिवशी तोच भाव झाला.

दुसऱ्या वेळी माणसं दुसरी होती, तबकडी तीच.
तिसऱ्या वेळी त्यांना मागावीही लागली नाही,
मीच काढून ठेवली होती, पुसून.
सांगायला लाज वाटते, पण ते तसंच झालं.

बाजारात पोको मीठ विकायची.
खट्ट ऐकलं की निवेदन सुरू व्हायच्या आत
ती पोती आत ओढून फळ्या लावायची.
गल्लीतली पोरं लंगडी खेळताना ती धून गुणगुणत
आणि बरोबर त्या जागी
एकाच चौकोनात दोनदा उडी मारत.
कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

शेजारच्या रासमाने मास्तरचं नाव
चौथ्या वेळी आमच्याच स्टुडिओतून वाचलं गेलं,
संपावरच्या मास्तरांच्या लांब यादीत.
निवेदकानं ते चुकीचं उच्चारलं.
आठवडाभरात सायकल विकली गेली, मग शिलाई यंत्र.
पाचव्यांनी त्याला परत घेतलं,
मागचा पगार सोडून.
अजून तो चांगलं शिकवतो म्हणतात,
फक्त फळ्यावर देशाचं नाव लिहायची वेळ आली
की खडू खाली ठेवतो.

एकदा मला कोलोनला प्रशिक्षणाला धाडलं, ऐन हिवाळ्यात.
जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं, चौघांचं जर्मन मोडकं.
अंकाराच्या नेजातीनं विचारलं,
तुमच्याकडे कुठली लावतात?
कुठली म्हणजे कुठली, हे कुणालाच विचारावं लागलं नाही.
ला पाझची एउलालिया म्हणाली, आमच्याकडे वॉल्ट्झ,
एका कर्नलच्या बायकोला आवडायचा म्हणून.
रंगूनचा तिन मौंग बटाट्यात काटा रोवून बसला होता.
आमच्याकडे, तो म्हणाला,
एकदा लावली ती अजून उतरवलेलीच नाही.
आम्ही हसलो. फार हसलो.
वाढणारी बाई हातातलं भांडं तसंच धरून
आमच्याकडे बघत राहिली.

पुढे नभोवाणीनं कपाटं भंगारात काढली.
ती एक मी कोटाखाली लपवून घरी आणली.
सध्या रांजणावर झाकण म्हणून आहे,
मधल्या भोकात लाकडाचं बोंड ठोकून.

परवा रात्री टीव्हीवर पुन्हा एक रांग उभी होती.
काळे चष्मे, तोंडाला फडकी, मागे पडदा.
पुढचा कॅप्टन कागदावरून वाचत होता, मिसरूडही नीट न फुटलेला.
धून नाही, तुतारी नाही,
नुसता पंख्याचा आवाज.
‘राष्ट्राच्या’ म्हणताना तो अडखळला.
घसा खाकरला. पुन्हा तिथेच अडखळला.

माझी बायको तेने गुडघ्यावर हात ठेवून उठली,
काही बोलली नाही,
रांजणावरची तबकडी बाजूला केली
आणि पाणी भरून घेऊ लागली,
नळ जायच्या आत.